विज्ञानाच्या ओसरीवर : वारंवारच्या कामास पहिला मान

वाई येथील एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्या लिहितात, "आमच्या घरच्या संगणकावर यजमानांच्या आवडीच्या जुन्या गाण्यांचा संग्रह आहे. गाणीं संगणकांतच सांठविलेलीं आहेत. तीं बाहेरून तारेनें यावयाचीं नसतात. तरीहि चिरंजीवांनीं त्याच संगणकावर लग्नांतील छायाचित्रांची निवडानिवड सुरू केली, कीं गाणें मध्येंच अडखळतें, क्षणभर गप्प होतें आणि पुन्हां चालूं लागतें. चिरंजीव सांगतात कीं, हें यंत्र एका सेकंदांत अब्जावधि क्रिया करतें. अब्जावधि क्रिया करणाऱ्यास एक तान धड पुरी करतां येऊं नये, हें कसें?"

प्रश्न आम्हांस मोठा मार्मिक वाटला. संगणकाविषयीं बोलतांना आपण सारे त्याच्या वेगाचेंच कौतुक करतों, आणि वेग असला म्हणजे वक्तशीरपणा आपोआप येतो असें गृहीत धरून चालतों. वस्तुतः हे दोन गुण अगदीं निराळे आहेत. झपाझप काम उरकणारा मनुष्य वेळेवर येईलच असें नाहीं, हें ज्यांनीं कधीं घराचें बांधकाम काढलें असेल त्यांस सांगावयास नको. संगणकास वक्तशीर कसें करावें याचें एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यांतील एका प्रमुख सिद्धांताचा पाया १९७३ सालीं घातला गेला, आणि तो सिद्धांत आपल्या नेहमींच्या समजुतीच्या नेमका उलट जातो. आज तोच वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम गाण्याकडे पाहूं. संगणकाच्या दृष्टीनें गाणें म्हणजे आंकड्यांची एक लांबलचक माळ. सी.डी. या नांवानें परिचित असलेल्या तबकडीच्या मापानें पाहिलें, तर एका सेकंदाच्या नादासाठीं दर कानामागें ४४,१०० आंकडे लागतात. हे आंकडे ध्वनि काढणाऱ्या भागास एकएक करून न देतां ओंजळीओंजळीनें दिले जातात. समजा, एका ओंजळींत ४४१ आंकडे मावतात. मग ती ओंजळ बरोबर एक शतांश सेकंद पुरेल, आणि ती संपण्यापूर्वीं दुसरी भरून तयार असली पाहिजे. भरण्यास लागणारा वेळ अगदीं थोडा, त्या शतांशाचाहि लहानसा अंश. पण नेमक्या त्याच शतांशांत यंत्राचा हात दुसऱ्या कामांत गुंतलेला असला, तर ओंजळ रिकामी राहते आणि गाणें गप्प होतें. पुढच्या क्षणीं त्यानें दहा ओंजळी भरून दिल्या तरी गेलेली तान परत येत नाहीं. उशिरां झालेलें काम येथें अर्धेंमुर्धें झालें असें धरतां येत नाहीं. तें झालेंच नाहीं असें समजावें लागतें.

अशा कामांस आपण आवर्ती कामें म्हणूं. त्यांचीं लक्षणें दोन : तें किती काळानें पुन्हां दारांत येतें, म्हणजे त्याचा फेरा, आणि एका खेपेस त्याला किती वेळ द्यावा लागतो. पुढची खेप येण्यापूर्वीं आधींची पुरी झाली पाहिजे, ही त्याची मुदत. मोटारीचीं चाकें घसरूं नयेत म्हणून ब्रेकवर पहारा करणारा लहानसा संगणक, विमानाच्या सुकाणूस क्षणोक्षणीं सांवरून धरणारा संगणक, हे सारे अशाच कामांच्या चक्रांत फिरत असतात. (मासिकासहि आपण नियतकालिक म्हणतों, आणि त्याचा फेरा चुकला म्हणजे काय होतें तें आमचे संपादकमहाशय आम्हांस दर महिन्यास सांगतातच.)

आतां अडचण अशी कीं, कामें पुष्कळ आणि तीं करणारा प्रोसेसर, म्हणजे संगणकांतील प्रत्यक्ष क्रिया करणारा भाग, एकच. अलीकडच्या यंत्रांत ते अनेक असतात, त्यांचा विचार पुढें येईल. तूर्त एकच धरूं. एका वेळीं तो एकच काम करूं शकतो. मात्र हातांतलें काम जेथल्या तेथें थांबवून दुसरें घ्यावयाचें आणि मागाहून पहिल्याचा धागा पुन्हां धरावयाचा, ही कला त्यास उत्तम साधलेली असते. मग कोणत्या कामासाठीं कोणतें काम थांबवावें? कोणास अग्रक्रम द्यावा?

आपल्यापैकीं बहुतेकजण चटकन् म्हणतील कीं, जें अधिक महत्त्वाचें त्यास. हेंच उत्तर स्वयंपाकघरांत तपासून पाहूं.

श्रीखंड-पुरीचा बेत आहे, पंगत बसली आहे आणि आंत गृहिणी एकटी आहे. दर चार मिनिटांनीं पुऱ्यांचा एक घाणा पंगतींत गेला पाहिजे. लाटण्यातळण्यास दोन मिनिटें लागतात. दर दहा मिनिटांनीं श्रीखंडाचें एक पातेलें बाहेर गेलें पाहिजे. चक्का पुरणयंत्रांतून काढून साखर-केशर घालण्यास चार मिनिटें लागतात, आणि हें काम मध्यें थांबवितां येतें. श्रीखंड हा पंगतीचा प्राण, तेव्हां पहिला मान त्यास, असें ठरवून गृहिणी चक्का घेऊन बसली. चार मिनिटांनीं पातेलें तयार झालें खरें. पण पहिला घाणा जो चौथ्या मिनिटास पंगतींत पोंचावयाचा, त्याची कणीक अजून परातींतच आहे. पानें खोळंबलीं.

आतां उलट करूं. पुरीचा फेरा लहान, म्हणून पहिला मान पुरीस. पहिलीं दोन मिनिटें घाणा; पुढचीं दोन चक्का; चौथ्या मिनिटास पुऱ्यांची वेळ झाली कीं चक्का बाजूस ठेवून पुन्हां घाणा; मग सहाव्यापासून आठव्या मिनिटापर्यंत उरलेला चक्का. आठव्या मिनिटास श्रीखंड तयार, मुदतीस दोन मिनिटें अवकाश. याच क्रमानें वीस मिनिटांपर्यंत मोजीत गेलें तर एकहि घाणा चुकत नाहीं, एकहि पातेलें चुकत नाहीं, आणि शेवटीं गृहिणीस दोन मिनिटें टेकावयासहि मिळतात. बाई तीच, चूल तीच, हाताचा वेग तोच. बदलला तो केवळ मान.

अमेरिकेंतील सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड या दोघांनीं १९७३ सालीं एका गणितपर निबंधांत हेंच सिद्ध केलें. लिऊ हे मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रसंस्थेत होते. लेलँड हे कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींत, म्हणजे ग्रहांकडे यानें पाठविणाऱ्या प्रयोगशाळेंत. त्यांचें म्हणणें असें कीं, अग्रक्रम एकदां ठरवून कायम ठेवावयाचा असेल, तर ज्याचा फेरा सर्वांत लहान त्यास पहिला मान द्यावा, त्याहून मोठ्या फेऱ्याच्या कामास दुसरा, आणि याप्रमाणें पुढें. कोणत्याहि दुसऱ्या कायम क्रमानें तीं कामें निभत असतील, तर या क्रमानें तीं निभणारच. कामाच्या थोरवीचा येथें कांहीं संबंध नाहीं. थोर काम लांबच्या फेऱ्याचें असेल तर त्याच्यापाशीं थांबण्यास अवसर असतो. क्षुल्लक काम जवळच्या फेऱ्याचें असेल तर त्याच्यापाशीं तो नसतो. मान हा येथें गौरवाचा नसून निकडीचा आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे सिद्धांतांतील विरोधाभास नाहींसा होतो.

त्याच निबंधांतील दुसरा विचार आम्हांस याहूनहि सुंदर वाटतो. कामांच्या वेळा एकमेकांत नाना प्रकारें गुंतणार. मग सारें निभेल कीं नाहीं हें पाहण्यास वर्षभर मोजीत बसावें काय? नाहीं. सर्वांत बिकट क्षण कोणता? ज्या क्षणीं सारीं कामें एकदम दारांत येऊन उभीं राहतात तो. सकाळीं शाळेच्या मुलांचा डबा, आजोबांचा चहा, दूधवाल्याचा पुकारा आणि नळाचें पाणी हीं सारीं एकाच घटकेस आलीं आणि त्याहि सकाळीं प्रत्येक काम मुदतींत उरकलें, तर दुसऱ्या कोणत्याहि दिवसाची चिंता करावयास नको. ती एक सकाळ तपासली कीं पुरे.

ही तपासणी करण्याची सुटसुटीत रीत १९८६ सालीं मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनीं प्रसिद्ध केली. दोघांचाहि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशीं संबंध. जोसेफ हे पुढें पुण्यास टाटांच्या संगणकविषयक संशोधनकेंद्राचे प्रमुखहि होते. ही रीत आपल्या पंगतीस लावून पहा. श्रीखंडास स्वतःचीं चार मिनिटें लागतात. चार मिनिटांत पुरीचा एक घाणा आड येतो, म्हणून चार आणि दोन मिळून सहा. पण सहा मिनिटांच्या अवधींत तर दोन घाणे आड येतात. म्हणून चार आणि चार मिळून आठ. आठ मिनिटांत घाणे दोनच, म्हणजे पुन्हां आठच. उत्तर स्थिरावलें : श्रीखंड फार तर आठव्या मिनिटास तयार होईल, आणि मुदत दहाची आहे. पाटीपेन्सिलीनें करतां येण्याजोगें हें गणित आहे, आणि आजहि नेमक्या वेळीं काम करणारीं यंत्रें रचणारे अभियंते ज्या हिशेबांवर भिस्त ठेवतात, त्यांच्या मुळाशीं हीच रीत आहे.

आतां खर्चाची बाजू. पुरीच्या कामानें चार मिनिटांपैकीं दोन घेतलीं, म्हणजे गृहिणीच्या वेळेवर त्याचा भार ५० टक्के. श्रीखंडाचा भार दहापैकीं चार, म्हणजे ४० टक्के. एकूण ९० टक्के भार असूनहि आपलें निभलें. पण तें आंकड्यांच्या जुळणीचें भाग्य होतें. श्रीखंड दर सहा मिनिटांनीं हवें आणि त्यास तीन मिनिटें लागतात असें धरा. दोन मिनिटें पुरी, दोन मिनिटें चक्का, चौथ्या मिनिटास पुन्हां पुरी. आणि सहावें मिनिट वाजतें तों चक्क्याचें तीनपैकीं दोनच मिनिटांचें काम झालेलें. मुदत चुकली. लिऊ व लेलँड यांनीं दाखविलें कीं, एकूण भार अमुक मर्यादेच्या आंत असेल तर आंकडे कसेहि असोत, काम कधींच चुकणार नाहीं. ही मर्यादा दोन कामांस सुमारें ८२.८ टक्के, तिहींस सुमारें ७८ टक्के, आणि कामें कितीहि वाढलीं तरी ती ६९.३ टक्क्यांच्या खालीं उतरत नाहीं. लॉगरिथमचीं कोष्टकें हाताळलेल्या वाचकांस हा आंकडा ओळखीचा वाटेल. दोहोंचा नैसर्गिक लॉगरिथम ०.६९३ येतो, तोच हा.

म्हणजे निर्धास्त राहावयाचें तर जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ मोकळा ठेवण्याची तयारी पाहिजे. ज्यांस रिकामा हात पाहवत नाहीं अशा व्यवस्थापकांस हें रुचणार नाहीं, आणि कारखान्यांतील असे पुष्कळ व्यवस्थापक आमच्या पाहण्यांत आहेत. आमच्या मतें हा वेळ वायां गेलेला नसून वचन पाळण्यासाठीं मोजलेली किंमत आहे. ही किंमत कमी करण्याची एक युक्ति मात्र आहे : फेरे असे निवडावे कीं मोठा फेरा लहान फेऱ्याच्या पूर्ण पटींत बसेल. श्रीखंडाचा फेरा दहाऐवजीं आठ मिनिटांचा केला, तर पुरी, चक्का, पुरी, चक्का असा दोनदोन मिनिटांचा क्रम बिनचूक बसतो आणि भार १०० टक्के झाला तरी कांहीं चुकत नाहीं.

दुसरा मार्ग अग्रक्रम कायम न ठेवण्याचा. प्रत्येक क्षणीं ज्याची मुदत सर्वांत जवळ आली असेल त्यास हातीं घ्यावें. वर जें सहा मिनिटांच्या श्रीखंडाचें गणित चुकलें, तें या मार्गानें सुटतें : पुरी दोन मिनिटें, चक्का तीन (चौथ्या मिनिटास पुरी आली तरी तिची मुदत आठवी आणि श्रीखंडाची सहावी, म्हणून तिनें थांबावें), मग पुरी दोन, चक्का तीन, पुरी दोन. बारा मिनिटें झालीं. एक क्षणहि रिकामा नाहीं आणि एकहि मुदत चुकलेली नाहीं. लिऊ व लेलँड यांनींच हेंहि सिद्ध केलें कीं, या रीतीनें भार १०० टक्क्यांपर्यंत गेला तरी सारें निभतें. मग हीच रीत सर्वत्र कां नाहीं? एक कारण असें सांगतात कीं, भार शंभराच्या पुढें गेला असतां या रीतींत कोणाची मुदत चुकेल याचा नेम राहत नाहीं; एकाचा उशीर दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा तिसऱ्यावर पडत जातो. कायम क्रमांत निदान एवढें निश्चित असतें कीं, तंगी आली तर ती तळाशीं असलेल्या कामास सोसावी लागेल. घरांतहि ज्याच्यावर तंगी पडावयाची तें आधींच ठरलेलें असणें पुष्कळदां बरें असतें. जवळच्या मुदतीची रीत आतां लिनक्स या प्रसिद्ध प्रणालींतहि २०१४ पासून उपलब्ध आहे.

भार शंभराच्या पुढें जाण्याचा प्रसंग केवळ कल्पनेंतला नव्हे. वरील निबंध छापून येण्याच्या चार वर्षें आधीं, २० जुलै १९६९ रोजीं, नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन हे चंद्रावर उतरत असतां तो प्रत्यक्ष ओढवला. त्यांच्या यानांतील संगणकावर दर दोन सेकंदांनीं एक मोठें काम येत असे : यानाची गति मोजावयाची, स्थान काढावयाचें आणि खालच्या इंजिनानें किती जोर लावावा तें ठरवावयाचें. शिवाय लहानमोठीं दुसरीं कामें. हॅल्कोम लॅनिंग यांनीं या संगणकासाठीं कामांच्या अग्रक्रमाची योजना पूर्वींच रचून ठेविली होती, आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालीं त्यावरील कार्यक्रम लिहिले गेले होते. उतरतांना वेळेची शिल्लक थोडी होती. त्यांत, परतीच्या वेळीं मातृयानाशीं गांठ घालून देणारें जें रडार, त्याच्या वीजप्रवाहांतील एका विसंगतीमुळें संगणकाकडे नुसते निरर्थक इशारे येऊं लागले. प्रत्येक इशारा मोजण्यास ११.७ दशलक्षांश सेकंद; किती क्षुल्लक! पण एका सेकंदांत ते हजारोंनीं येत होते, आणि पाहतां पाहतां संगणकाच्या वेळेचा सुमारें सातवा हिस्सा या न बोलाविलेल्या पाहुण्यानें खाल्ला.

दोन सेकंदांचें काम दोन सेकंदांत पुरें होईना. पहिली खेप संपण्यापूर्वींच दुसरी दारांत. प्रत्येक खेपेस टांचणें करण्यासाठीं थोडी स्मृति लागते, ती सारी अडून बसली, आणि पडद्यावर १२०२ हा धोक्याचा आंकडा चमकला. पुढें १२०१ हि. ह्यूस्टन येथें स्टीव्ह बेल्स आणि त्यांचे साहाय्यक जॅक गार्मन या दोघा तरुणांनीं क्षणांत निर्णय दिला कीं, उतरणें चालूं ठेवावें. तो निर्णय योग्य ठरण्याचें कारण लॅनिंग यांच्या योजनेंत होतें. जागा संपली कीं संगणकानें हातांतलीं सारीं कामें टाकून पुन्हां मांडामांड करावयाची आणि जीं अत्यावश्यक तींच उचलावयाचीं, अशी व्यवस्था होती. दर वेळीं बिनमहत्त्वाचीं कामें गळालीं आणि यानाचा तोल राखणारीं टिकलीं. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, थोरवीचा प्रश्न येथें पुन्हां उपस्थित होतो, पण निराळ्या जागीं : सारें निभत असतां पहिला मान लहान फेऱ्यास, निभेनासें झालें म्हणजे काय टाकावें, तें मात्र महत्त्व पाहून ठरवावयाचें. या दोन गोष्टींची गल्लत करणें हाच बहुधा सर्व घोटाळ्यांचा उगम असतो.

मान योग्य दिला, भारहि मर्यादेंत ठेविला, तरी आणखी एका वाटेनें संकट येतें. हें घरांतल्या उदाहरणानें आधीं समजून घेऊं. आजोबांची मात्रा ठराविक वेळीं उगाळावयाची, तें आजीबाईंचें काम. त्यांचा अधिकार सर्वांत मोठा. सहाण एकच. ती धाकट्या नातीनें देवपूजेच्या गंधासाठीं घेतली आहे. दोन मिनिटांचें काम, आजीबाई तेवढें थांबतील. इतक्यांत मधल्या काकू नातीस हांक मारतात, "अगं, जरा लोकरीचा गुंडा धर!" नात उठते, काकूंचा अधिकार तिच्याहून मोठा. सहाण तशीच तिच्या नांवानें अडकलेली. गुंडा अर्धा तास चालतो, आणि मात्रेची वेळ टळते. आजीबाईंस खोळंबा झाला तो नातीच्या गंधामुळें नव्हे, तर ज्यांचा सहाणेशीं कांहीं संबंध नाहीं अशा काकूंमुळें. आणि काकूंस याची वार्ताहि नाहीं!

अगदीं हेंच मंगळावर झालें. अमेरिकेचें पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजीं मंगळावर उतरलें. लोकांनीं तेथलीं चित्रें पाहून आनंद केला. आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून आपण होऊन पुन्हां आरंभापासून सुरू होऊं लागला. प्रत्येक वेळीं त्या दिवसाचें उरलेलें काम दुसऱ्या दिवसावर जाई. यानांतील निरनिराळ्या भागांमधील निरोपांची वाहतूक दर एकअष्टमांश सेकंदानें ठरविली जात असे. हें उच्च अग्रक्रमाचें काम. हवामानाचीं निरीक्षणें गोळा करणारें काम खालच्या क्रमाचें. दोघांस एक सामाईक कुलूप लागे. हवामानाच्या कामानें तें लाविलें असतां मधल्या क्रमाचें एखादें लांबलचक काम येऊन त्यास बाजूस सारी, आणि वरचें काम कुलुपापाशीं तिष्ठत उभें राही. मुदत टळली असें पाहून पहारा करणारी योजना समजे कीं कांहीं भयंकर बिघडलें आहे, आणि सारा संगणकच पुन्हां सुरू करी. उड्डाणापूर्वींच्या चाचण्यांत हा प्रकार दिसला होता. पण शोधूं गेल्यास तो पुन्हां घडेना.

यावरचा उपाय लुई शा, राजकुमार व लेहोत्स्की यांच्या १९९० सालच्या निबंधांत सविस्तर मांडलेला आहे, आणि तो कोणाहि समंजस गृहस्थास सुचावा इतका सरळ आहे : आजीबाई सहाणेसाठीं थांबल्या आहेत तोंवर नातीस आजीबाईंचा अधिकार उसना द्यावा. मग काकूंची हांक तिला उठवूं शकणार नाहीं; गंध उगाळून सहाण मोकळी झाली कीं उसना अधिकार परत. पाथफाइंडरच्या प्रणालींत ही सोय होतीच, पण त्या विशिष्ट कुलुपावर ती बंद ठेविलेली होती. पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या संगणकावर अभियंत्यांनीं तोच बिघाड घडवून आणला, कारण पकडलें, आणि कोट्यवधि मैलांवरून निरोप धाडून ती सोय चालू केली. त्यानंतर हा बिघाड पुन्हां झाला नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, एवढी यातायात कशास? प्रोसेसर दोन घ्यावे. हें औषधहि दिसतें तितकें रामबाण नाहीं. स्वयंपाकघरांत दोन जावा आहेत असें धरा. पुऱ्यांचा घाणा आणि पापडांचा घाणा दर दहा मिनिटांनीं, प्रत्येकास दोन मिनिटें. आणि दर अकरा मिनिटांनीं श्रीखंडाचें मोठें पातेलें, त्यास दहा मिनिटें. जवळच्या फेऱ्यास मान देण्याच्या नियमानें दोघी जावा प्रथम पुऱ्या व पापड घेऊन बसल्या. दोन मिनिटें गेलीं; आतां चक्का हातीं घेतला तर मध्यें कोणी अडविलें नाहीं तरी बाराव्या मिनिटास होणार, आणि मुदत अकराची! उलट एकीनें केवळ श्रीखंड पाहिलें आणि दुसरीनें दोन्ही घाणे, तर दुसरीस दहापैकीं सहा मिनिटें मोकळीं मिळतात आणि सारें सुखरूप होतें. सुदर्शन धल्ल आणि वरील लिऊ यांनीं १९७८ सालीं ही विचित्र स्थिति दाखवून दिली. एकाचे दोन हात झाले कीं जुना नियम आंधळेपणानें चालत नाहीं. कामांची वांटणी नव्यानें करावी लागते.

असो. वाईच्या भगिनींच्या संगणकाचें काय? घरगुती संगणकाची प्रणाली मुख्यतः सर्व कामांस वेळेचा यथान्याय वांटा मिळावा अशा धोरणानें रचलेली असते. मुदत हें तिचें पहिलें दैवत नव्हे. छायाचित्रांची निवडानिवड हें आवर्ती कामहि नाहीं. मिळेल तितका वेळ तें गिळतें आणि त्यास मुदत अशी कांहींच नाहीं. तेव्हां चिरंजीवांनीं त्या कामाचा अग्रक्रम खालीं उतरवावा. बहुतेक संगणकांत तशी सोय असते. दुसरें, गाणें वाजविणाऱ्या कार्यक्रमांत ओंजळीचें माप बदलतां येत असल्यास तें ४४१ ऐवजीं ४,४१० करावें. मग मुदत शतांशाची न राहतां दशांश सेकंदाची होते, आणि यंत्राचा हात क्षणभर दुसरीकडे गुंतला तरी तान तुटत नाहीं. सांठविलेल्या गाण्यास ही मोठी ओंजळ खुशाल चालते. मात्र पुढेंमागें घरांत कोणी त्याच संगणकास जोडून पेटी वाजवूं लागलें, तर तें माप पुन्हां लहान करावें लागेल; नाहींतर पट्टी दाबल्यावर सूर दशांश सेकंद उशिरां निघेल, आणि पुढचें पत्र आम्हांस त्या वादकाकडून येईल.